गुंडी आणि निधान

हुबळीचा लॅमिंग्टन रस्ता ज्यांनी दिवसा पाहिला असेल, त्यांना तो पहाटे सव्वापाच वाजता ओळखू येणार नाही. दिवसा येथे रिक्षा, बसगाड्या, हातगाड्या आणि खरेदीला निघालेली माणसे ह्यांची अशी दाटी असते की, रस्ता ओलांडताना मनातल्या मनात देवाचे नाव घ्यावे. पहाटे मात्र दुकानांची शटरे खाली असतात, चहाच्या टपरीवरचा स्टोव्ह नुकताच फरफरू लागलेला असतो, आणि एका दिव्याच्या खांबाखाली पंधरावीस सायकली उभ्या असतात. गेल्या थंडीत सहा आठवडे आम्ही त्या खांबाखाली हजर होतो. तेथे जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवावे, आणि जे चुकलो तेही लपवू नये, ह्या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

रस्त्याच्या नावाविषयी प्रथम दोन शब्द. लॉर्ड लॅमिंग्टन हे १९०३ ते १९०७ ह्या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. त्या वेळी धारवाड जिल्हा, आणि त्याबरोबर हुबळी, मुंबई इलाख्यातच मोडत असे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा तो म्हैसूर राज्यात गेला. मुंबईतही ह्याच साहेबांच्या नावाचा रस्ता होता. त्याला आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणतात. हुबळीत लोकांच्या तोंडी जुने नाव टिकून आहे. ह्या जुन्या नात्यामुळे हुबळी-धारवाडात मराठी बोलणारी कुटुंबे पुष्कळ, आणि मराठी माणसाचे तेथे भाषेवाचून अडत नाही, अशी आमची समजूत होती. ह्या समजुतीची शिक्षा कोणाला भोगावी लागली, ते पुढे येईलच.

आमची थोरली बहीण हुबळीस असते. तिचे यजमान तेथील रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झाले. आम्हीही एक वर्षापूर्वी शाळेतून निवृत्त झालो, आणि निवृत्तीबरोबर आरामखुर्ची, वर्तमानपत्र व दुपारची झोप ह्या तीन गोष्टी घरात शिरल्या. वर्ष पुरे होण्याच्या आत डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितले, “गुरुजी, साखर वाढली आहे. गोळी देतो; पण गोळीने निम्मेच काम होईल. उरलेले तुमच्या पायांनी करायचे आहे.” ही वार्ता फोनवरून ताईच्या कानी गेली. ती म्हणाली, “तू इकडेच ये. आमच्या आळीतली माणसे पहाटे सायकलीवर धारवाडला जाऊन येतात. तुला काय धाड भरली आहे?” थोरल्या बहिणीच्या शब्दापुढे आमचे काही चालत नाही. आम्ही गेलो.

पहिली पहाट

खांबाखाली जमलेल्या तुकडीत नाना तऱ्हेची माणसे होती. बँकेतले एक अधिकारी, वैद्यकीय महाविद्यालयाचे दोन विद्यार्थी, एक शिंपी, एक आई व तिची कॉलेजात जाणारी लेक, आणि नववीतला एक किडकिडीत मुलगा. कोणाची सायकल गिअरची व कापसासारखी हलकी, तर कोणाची साधी. आमच्यापाशी होती ती भाऊजींची काळी, कॅरिअरवाली, मडगार्ड वाजणारी जुनी सायकल. तुकडीच्या कप्तान एक बाई होत्या. एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या, पन्नाशीच्या, धारवाडच्या मराठी घरातल्या. सगळे त्यांना नुसते ‘बाई’ म्हणत.

बाईंनी आम्हांला नमस्कार केला आणि आमच्याकडे न पाहता सायकलीकडे पाहिले. टायर अंगठ्याने दाबून पाहिले, दोन्ही ब्रेक ओढले, घंटी वाजवली, मागचा तांबडा दिवा लागतो की नाही ते तपासले. मग पाना काढून सीट चार बोटे वर केली. त्यांनी सांगितलेली खूण सोपी आहे: सीटवर बसून पायडल सर्वांत खाली न्यावे आणि त्यावर टाच ठेवावी. पाय तेव्हा सरळ झाला पाहिजे. म्हणजे मग पंजाने पायडल मारताना गुडघ्यात थोडासाच बाक राहतो. आपल्या गावांत पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवण्याची रीत आहे. तिच्यामुळे सारा भार गुडघ्यांवर येतो, आणि दोष मात्र वयाला दिला जातो.

“गुरुजी, आज उणकल तलावापर्यंत आणि परत,” बाई म्हणाल्या. उणकल म्हणजे जेमतेम चारपाच किलोमीटर. तीस वर्षे सायकलीने शाळेत गेलेल्या माणसाला हा अपमान वाटला. राणी चन्नम्मा चौक मागे पडला आणि होसूरपासून आम्ही एकेकाला मागे टाकू लागलो. विद्यानगरला आम्ही सर्वांच्या पुढे होतो. बाईंनी काही म्हटले नाही. थोड्या वेळाने त्या शांतपणे आमच्या बाजूला आल्या आणि विचारले, “गुरुजी, तुमच्या शाळेत किती मुले होती?” आम्ही ‘तीनशे’ एवढेच म्हणू शकलो; पुढचा शब्द छातीतून निघेना. “एवढेच विचारायचे होते,” असे म्हणून त्या मागे गेल्या.

ही त्यांची परीक्षा होती, आणि तिला यंत्र लागत नाही. सायकल चालवताना शेजाऱ्याशी पुऱ्या वाक्यात बोलता आले तर श्रम मध्यम आहेत. गाणे म्हणता येत असेल तर ते कमी आहेत. दोन शब्दांत धाप लागत असेल तर ते नवशिक्याला जास्त आहेत. दम वाढतो तो मध्यम श्रमाने, रोज थोडा वेळ आणि पुष्कळ दिवस केलेल्या. पहिल्या दिवशी जोर दाखवणारा चौथ्या दिवशी अंथरुणात असतो. आम्ही तिसऱ्याच दिवशी होतो.

गुंडी

दुसऱ्या आठवड्यात भाचीची गिअरची सायकल मिळाली आणि आमची मजल नवनगरपर्यंत गेली. आम्ही रांगेच्या मध्यावर होतो; आमच्या मागे तो नववीतला मुलगा. उजाडायला अवकाश होता. पुढून एकदम आवाज आला, “गुंडी! गुंडी!”

वाचकहो, मराठी माणसाला गुंडी म्हटल्यावर दुसरे काय सुचणार? आम्ही हँडलवरचा एक हात काढून सदऱ्याकडे नेला आणि मान खाली घालून पाहिले. गुंड्या साऱ्या जागच्या जागी होत्या. मान वर केली तो समोर हातभर रुंदीचा खड्डा. आम्ही हँडल झटक्याने वळवले आणि खड्ड्याच्या काठावरून निसटलो. मागच्या मुलाला आमच्या पाठीशिवाय काही दिसत नव्हते. त्याचे पुढचे चाक सरळ खड्ड्यात गेले.

तो डाव्या अंगावर पडला. कोपर आणि गुडघा सोलून निघाला, पुढचे चाक वाकडे झाले, आणि रस्त्याच्या कडेच्या दगडावर आपटून हेल्मेटला तडा गेला. डोके शाबूत राहिले. मागून त्या क्षणी एखादी मोटार येत असती तर काय झाले असते, ह्याचा विचार आजही आम्हांला रात्री जागे करतो.

कानडीत सदऱ्याच्या गुंडीला गुंडीच म्हणतात, आणि खड्ड्यालाही गुंडीच म्हणतात. आम्हांला एकच अर्थ ठाऊक होता. वैद्यकीय विद्यार्थी मुलाची जखम धूत असताना आम्ही ही अडचण बाईंना सांगितली. सांगताना असेही वाटत होते की, त्या हसतील आणि प्रकरण मिटेल. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “शब्द कळला नाही, हा तुमचा दोष नव्हे. पण कळला नाही तरी तो मागे द्यायचा होता. तुमच्या मागचा माणूस तुमच्या डोळ्यांनी रस्ता पाहतो, गुरुजी.”

आम्ही मुलाला घरी पोचवण्यास गेलो. त्याच्या आईने आम्हांला पाणी दिले, चहा दिला, रागाचा एक शब्द काढला नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून मुलाला पाठवणे बंद केले. पुढचा सबंध आठवडा खांबाखाली ती एक जागा मोकळी राहिली. बाईंनी आम्हांला शिक्षा अशी केलीच नाही. रांगेत सर्वांत शेवटी नेमले, आणि कानडी शब्दांची एक यादी पाठ करावयास दिली. आयुष्यभर मुलांना पाठांतर दिले. एकोणसाठाव्या वर्षी ते स्वतः केले.

तुकडीचे व्याकरण

शेवटच्या जागेवरून रांग जशी दिसते तशी मधून दिसत नाही. एक आठवडा मागे राहून आम्हांला कळले की, सायकलस्वारांची तुकडी हे एक वाक्य आहे आणि त्याला व्याकरण आहे. त्याचे मुख्य नियम असे.

पहिला नियम निरोपाचा. खड्डा, वाळू, काच, कुत्रे, उभी मोटार, जे काही पुढच्याला दिसेल ते त्याने बोटाने दाखवावयाचे आणि तोंडाने सांगावयाचे. आणि प्रत्येकाने तो निरोप शेवटच्या माणसापर्यंत पोचवावयाचा. मागून ट्रक येत असेल तर निरोप उलटा, शेवटच्याकडून पहिल्याकडे जातो. खड्डा ज्या बाजूला त्या बाजूचा हात खाली दाखवावा. थांबावयाचे असल्यास हात वर करावा. आणि हात सोडणे धोक्याचे असेल तेव्हा नुसता आवाज द्यावा.

दुसरा नियम चाकाचा. आपले पुढचे चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधी घुसू देऊ नये. पुढचा माणूस किंचित सरकला आणि चाकाला चाक लागले, तर पुढचा बहुधा सावरतो. पडतो तो मागचा. नवशिक्याने एका सायकलीच्या लांबीइतके अंतर राखावे. नजर पुढच्याच्या चाकावर खिळवू नये; त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहावे.

तिसरा नियम सरळपणाचा. अचानक ब्रेक दाबू नये, अचानक वळू नये, पाणी पिण्यासाठी अचानक हळू होऊ नये. चढावर सीटवरून उठून पायडल मारताना सायकल क्षणभर मागे येते. म्हणून उठताना जोर ढिला पडू देऊ नये. रहदारी वाढली की एकामागे एक चालावे. दोन शहरांच्या मधोमध बसगाड्यांसाठी राखलेली मार्गिका आहे. ती कितीही मोकळी दिसली तरी तिच्यात शिरू नये.

चौथा नियम शेवटच्या माणसाचा. सर्वांत मागे एक अनुभवी स्वार राहतो; त्याला आम्ही पाठराखा म्हणत असू. कोणाचे पंक्चर झाले, कोणी दमला, तर पाठराखा त्याच्याबरोबर थांबतो, आणि पुढे निरोप जाऊन तुकडी सुरक्षित जागी वाट पाहते. तुकडीचा वेग तिच्यातला सर्वांत हळू माणूस ठरवतो. ज्याला वेगाची हौस आहे त्याने ती दुसऱ्या दिवशी, वेगळ्या तुकडीत पुरवावी.

ह्या व्याकरणात एक शब्द आम्हांला फार आवडला. उतार लागला, किंवा पुढे गर्दी दिसली, की पुढून पुकारा येई, “निधान! निधान!” आपल्या भाषेत निधान म्हणजे ठेवा, जपून ठेवलेले धन. कानडीत निधान म्हणजे सावकाश. हुबळी-धारवाडकडे ‘सावकाश’ हाही शब्द चालतो. पण आम्ही मात्र तो दुसराच उचलला, आणि गुंडीच्या वेळी केलेली चूक न करता मोठ्याने मागे देऊ लागलो.

वाऱ्याचा आडोसा

हुबळीहून धारवाड सुमारे २० किलोमीटर, आणि ते हुबळीपेक्षा उंचावर आहे. जाताना चढ, येताना उतार. तेव्हा परतीचा प्रवास फुकटचा, असे कोणालाही वाटेल. पण थंडीच्या दिवसांत त्या प्रदेशात वारा बहुधा पूर्वेकडून येतो, आणि परतताना तो तोंडावर बसतो. उतार असूनही पायडल मारावे लागते. तेथे तुकडीचा दुसरा उपयोग कळतो.

सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचे बहुतेक बळ हवा कापण्यात जाते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. पुढे एक स्वार असला म्हणजे त्याच्या पाठीमागे हवेचा आडोसा मिळतो. ताशी तीस-पस्तीस किलोमीटरच्या वेगाला त्या आडोशाने मागच्याचे सुमारे पाव हिस्सा श्रम वाचतात. आमचा वेग त्याहून कमी, म्हणून लाभही कमी. पण समोरून वारा असला की तो चांगलाच जाणवतो. म्हणून तुकडीत पुढची जागा आळीपाळीने घेतात. पुढचा दोनचार मिनिटे वारा अंगावर घेतो, मागे पाहून बाजूला होतो, आणि हळूहळू रांगेच्या शेपटाला जाऊन विसावतो. पुढे आलेल्याने एकदम वेग वाढवू नये, हा ह्यातला शिष्टाचार. नाहीतर नुकताच दमून मागे गेलेला माणूस रांगेतून सुटतो. जो कधीच पुढे येत नाही त्याला कोणी बोलत नाही, पण सर्वांच्या ते ध्यानात राहते.

दम कसा वाढतो

आता आमच्या सहा आठवड्यांचा हिशेब. पहिल्या आठवड्यात उणकलपर्यंत, म्हणजे जाऊन येऊन नऊदहा किलोमीटर, चार दिवस. दुसऱ्या आठवड्यात नवनगर. तिसऱ्या रविवारी रायापूर ओलांडून सत्तूरपर्यंत. चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी, कारण शरीर बळकट होते ते विश्रांतीत. श्रम फक्त त्याला तशी आज्ञा देतात. पाचव्या रविवारी नवलूर मागे टाकून प्रथमच धारवाडचा ज्युबिली चौक गाठला. सहाव्या आठवड्यात दोनदा. रविवारी आठाच्या आत परतणे भाग असे, कारण साडेआठच्या मिस्सेला उशीर झालेला ताईला खपत नाही.

पायडलचा वेग मिनिटाला सत्तर ते नव्वद फेरे असावा, असे बाई सांगत. जड गिअरवर हळूहळू रेटत बसण्यापेक्षा हलक्या गिअरवर भरभर पाय फिरवणे गुडघ्यांना मानवते. दर पंधरा मिनिटांनी दोन घोट पाणी. दीड तासाहून अधिक चालवावयाचे तर खिशात केळे. ज्यांना मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे आणि खिशात साखर ठेवावी, कारण श्रमाने रक्तातील साखर एकाएकी उतरू शकते. छातीत दुखले, भोवळ आली, तर लाज न धरता थांबावे.

हे सारे कशासाठी? श्रम करणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो, आणि श्रम थांबल्यावरही एकदोन दिवस तो गुण त्याच्यात टिकतो. म्हणून मध्ये दोन दिवसांहून जास्त खंड पडू देऊ नये. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम सांगते, आणि मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे. आठवड्यातून पाच दिवस अर्धा अर्धा तास सायकल चालवली तरी पहिला आकडा पुरा होतो. आमच्यापुरते सांगावयाचे तर साखर थोडी उतरली आहे. गोळी चालूच आहे. मात्र जिना चढून वर गेल्यावर बोलण्याआधी थांबावे लागत नाही.

दूरचे रस्ते

हुबळीच्या लोकांना हा नाद मोठा आहे. हुबळी बायसिकल क्लब ही तेथील संस्था ‘ब्रेव्हे’ नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकल-फेऱ्या भरवते. त्यांत शर्यत नसते, पहिला-दुसरा नंबर नसतो. ठरलेल्या वेळात पल्ला पुरा करावयाचा एवढेच. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७, आणि ६०० ला ४० तास. हे चारही पल्ले एका मोसमात पुरे करणाऱ्यास ‘सुपर रँडोनर’ म्हणतात. उत्तर कर्नाटकात विजापूर आणि बागलकोट ह्या जिल्ह्यांनी राष्ट्रीय स्पर्धांना अनेक सायकलपटू दिले आहेत. पण ब्रेव्हे हा शर्यतपटूंचा खेळ नव्हे, तो नोकरीधंदा करणाऱ्यांचा आहे.

त्याचे मूळ इटलीत आहे. १८९७ साली तेथील काही सायकलस्वार सूर्योदयाला रोमहून निघून सूर्यास्तापूर्वी नेपल्सला पोचले. अशा धाडसी स्वारांना लॅटिनमधील ‘ऑडॅक्स’ हे नाव मिळाले. १९०४ साली ही रीत फ्रान्समध्ये गेली. जुन्या ऑडॅक्स पद्धतीत सर्व स्वार एका कप्तानाच्या मागे, ताशी साडेबावीस किलोमीटरच्या बांधलेल्या वेगाने, एकत्र जातात. कप्तानाच्या पुढे जाण्याची कोणाला मुभा नाही. पुढे १९२१ पासून ज्याने त्याने आपल्या वेगाने जाण्याची दुसरी पद्धत निघाली. आपल्याकडील ब्रेव्हे ह्या दुसऱ्या पद्धतीचे. पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत येण्याची १२०० किलोमीटरची फेरी, जी १८९१ साली शर्यत म्हणून सुरू झाली, ती आता दर चार वर्षांनी भरते. २०२३ साली ती भरली होती.

आपल्या मुंबईचाही ह्यात वाटा आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलीवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर तुडवून मार्च १९२८ मध्ये घरी परतले. इराण, युरोप, अमेरिका, जपान आणि चीन पाहून ते आले.

आपल्या वाचकांना हेही सांगितले पाहिजे की, सायकलस्वारांना आश्रयदाती माता आहे. इटलीत कोमो सरोवराजवळ गिसालोच्या घाटमाथ्यावर पवित्र मरियेचे एक लहान देऊळ आहे. १९४९ साली पोप बारावे पायस ह्यांनी गिसालोची माता ही सायकलस्वारांची आश्रयदाती म्हणून घोषित केली. त्याच्या आदल्या वर्षी पोपमहाशयांनी आशीर्वादित केलेली ज्योत सायकलस्वारांनी हातोहात तेथे नेली. तिच्या वाहकांत बार्ताली आणि कोप्पी हे दोघे होते. शर्यतीत एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी. ज्योत मात्र त्यांनी एकच वाहिली.

आपल्या गावी

सायकल आपल्या गावांना नवी नाही. दूध, भाजी, पाव, मासळी ह्यांची ने-आण ह्याच वाहनाने झाली, आणि आपल्यापैकी कित्येकांचे वडील सायकल हाती धरूनच घराबाहेर पडत. मोटारसायकल आली तशी ती पडवीत उभी राहिली. ती बाहेर काढावयास महागड्या सामानाची गरज नाही. चांगले टायर, लागणारे ब्रेक, पुढे पांढरा व मागे तांबडा दिवा, अंगात उजळ रंगाचे कपडे आणि डोक्यावर हेल्मेट एवढे पुरे. चारपाच जण जमवावेत, आणि त्यांतल्या एकाला कप्तान व एकाला पाठराखा करावे. हमरस्ता टाळून गावच्या रस्त्याने जावे. मुलींना आणि स्त्रियांना बरोबर घ्यावे. एकटीला जो रस्ता भीतीचा वाटतो तो दहा जणांत वाटत नाही. आम्ही परतल्यापासून आमच्या गावी असे सहा जण जमलो आहोत. तिघांच्या सायकली आम्हांहून फार तरुण नाहीत.

त्या मुलाची हकीकत राहिली. आठवडा लोटल्यावर आम्ही ताईला घेऊन त्याच्या घरी गेलो. ताईला कानडी चांगले येते. तिने आमच्या वतीने क्षमा मागितली. त्याच्या आईने बराच वेळ ऐकून घेतले. मग म्हणाली, मुलाला पाठवीन, पण एका अटीवर: त्याच्या पुढे हेच गृहस्थ राहतील, दुसरे कोणी नाही. ताईने तिला पुन्हा विचारले, कारण तिला वाटले की आपण उलटे ऐकले. पण बाई ठाम होती. ज्याने एकदा निरोप चुकवला तो पुन्हा चुकवणार नाही, असा तिचा हिशेब होता.

शेवटच्या रविवारी धारवाडहून परतताना वारा तोंडावर होता आणि आम्ही रांगेच्या मध्यावर, मुलगा आमच्या मागे. नवनगरजवळ तो खड्डा अजून तसाच होता. पुढून पुकारा आला. आम्ही हात खाली करून बोट दाखवले आणि जेवढा दम होता तेवढ्याने ओरडलो, “गुंडी! निधान!” मागून त्या मुलाचा फुटू लागलेला, अर्धा जाड अर्धा बारीक आवाज तेच शब्द घेऊन पुढे गेला, त्याच्या मागे शिंप्याचा, त्याच्या मागे त्या कॉलेजातल्या मुलीचा, आणि सर्वांत शेवटी पाठराख्याची घंटी वाजली, म्हणजे सारे पार झाले.